उबदार घराला गरम फरशी कशाला?

जर्मनीतल्या डार्मश्टाट शहराच्या क्रानिखश्टाइन भागात १९९१ साली चार कुटुंबं एका नव्या रांगघरात राहायला आली. प्रत्येक घर १५६ चौरस मीटरचं, बाहेरून अगदी साधं. भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट आणि स्वीडिश प्राध्यापक बो अ‍ॅडमसन यांच्या चर्चेतून या घरांची कल्पना निघाली होती आणि फाइस्ट स्वतःच्या कुटुंबासह तिथे राहायला गेले. जाड उष्णतारोधक थर, तीन काचांच्या खिडक्या, कुठेही फट नाही आणि बाहेर जाणाऱ्या शिळ्या हवेतली ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं वायुवीजन, एवढाच सगळा सरंजाम. खोल्या गरम ठेवायला या घरांना वर्षाकाठी चौरस मीटरमागे सुमारे १० युनिट ऊर्जा लागली. शेजारपाजारची घरं त्याच्या कैकपट ऊर्जा जाळत होती.

यातूनच पुढे 'पासिव्हहाउस' हे मानक तयार झालं. वर्षाला चौरस मीटरमागे १५ युनिटांहून जास्त ऊर्जा खोल्या तापवायला लागता कामा नये, किंवा ऐन कडाक्यातही चौरस मीटरमागे १० वॅटहून जास्त उष्णता लागू नये, असा त्याचा दंडक आहे. १२० चौरस मीटरच्या घराचा हिशेब केला तर हे १२०० वॅट होतात. पुण्यातल्या एखाद्या न्हाणीघरातला साधा गिझरही २००० वॅटचा असतो. तेवढ्याहून कमी उष्णतेवर अख्खं घर, तेही बाहेर बर्फ पडत असताना, २० अंशांवर राहतं.

मग हे १२०० वॅट घरात आणायचे कसे? घर बांधणाऱ्याला इथे अर्धा डझन पर्याय भेटतात: फरशीखालचे पाइप, भिंतीवरचे रेडिएटर, वायुवीजनातून येणारी गरम हवा, स्प्लिट एसीसारखा हवेचा हीट पंप, विजेचे इन्फ्रारेड पॅनेल, लाकडाची शेगडी. यांत सगळ्यांत मोहक, आणि बांधकाम व्यावसायिक सगळ्यांत हौसेने सांगतात तो, फरशीखालचा पर्याय. जर्मनीत नव्या घरांत तो आता जवळपास गृहीतच धरला जातो. या मोहाला मोठा इतिहास आहे, म्हणून आधी तो पाहायला हवा.

रोमन स्नानगृहांत फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली असे आणि खालून भट्टीचा धूर व गरम हवा फिरे. कोरियात 'ओंडोल' म्हणजे स्वयंपाकाच्या चुलीचा धूर दगडी फरशीखालून नेण्याची पद्धत. आता धुराच्या जागी गरम पाण्याचे पाइप आले, पण लोक अजूनही त्या फरशीवर बसतात, जेवतात, निजतात. दक्षिण कोरियाने २०१८ मध्ये ओंडोल संस्कृतीला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला. आपल्याकडे काश्मिरातला हमाम याच जातीचा आहे. घरातल्या किंवा मशिदीतल्या एका खोलीच्या दगडी फरशीखाली लाकडं पेटवायची आणि हिवाळ्यात सगळ्यांनी तिथेच बसायचं. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांना जपानमध्ये कोरियन पद्धतीने तापवलेल्या एका खोलीत बसण्याचा योग आला आणि तो अनुभव ते विसरले नाहीत. १९३७ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरी पुऱ्या झालेल्या जेकब्स कुटुंबाच्या घरात त्यांनी फरशीखालूनच ऊब दिली. महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउन वसाहतीत हजारो घरांच्या काँक्रीटमध्ये तांब्याचे पाइप गाडले गेले. कालांतराने त्यांतले पुष्कळ गळू लागले, आणि गळती शोधायची तर फरशी फोडण्यावाचून इलाज नव्हता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत टोमास एंगेल यांनी पॉलिथिलीनच्या साखळ्या एकमेकींत गुंफून टिकाऊ प्लास्टिक बनवण्याची रीत शोधली. तो पाइप गंजत नाही आणि वळवला तर तुटत नाही. आजच्या फरशीखालच्या उबेचा बराचसा व्यवसाय त्या पाइपावर उभा आहे.

या सगळ्या जुन्या घरांमध्ये एक साम्य होतं. भिंती, खिडक्या, छत, सगळीकडून उष्णता भसाभस बाहेर जात होती. म्हणून फरशीला खूप तापावं लागे, आणि ती तापायची म्हणूनच पायांना सुखावायची. चांगल्या घरात हा संबंध तुटतो. याची जाहिरातींत क्वचितच चर्चा होते, म्हणून थोडं गणित इथे करायला हरकत नाही.

फरशी खोलीला किती उष्णता देते, हे दोघांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. युरोपीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीची फरशी २९ अंशांहून जास्त तापवायची नाही. खोली २० अंशांवर आणि फरशी २९ वर असली, तर चौरस मीटरमागे साधारण १०० वॅट मिळतात. ५० वॅट हवे असतील तर फरशी २५ अंशांच्या आसपास पुरते. आणि पासिव्हहाउसला लागतात फक्त १० वॅट. त्यासाठी फरशी खोलीपेक्षा किती गरम हवी? जेमतेम एक अंश. म्हणजे वर्षातल्या सगळ्यांत थंड रात्री ती २१ अंशांवर असेल, आणि इतर दिवशी त्याहूनही खाली.

तळपायाची त्वचा त्याहून बरीच गरम असते. २१ अंशांची टाइल पायाला गारच लागणार, कारण ती पायातली उष्णता झपाट्याने ओढून घेते. त्याच तापमानाचं लाकूड किंवा बुचाची फरशी मात्र गार लागत नाही. अशा घरात पायांना ऊब हवी असेल, तर फरशीच्या खाली काय आहे यापेक्षा वर काय अंथरलं आहे याने जास्त फरक पडतो. म्युनिक किंवा स्टुटगार्टमध्ये घर बांधणाऱ्या मराठी कुटुंबांनी तर हे आवर्जून लक्षात घ्यावं. घरात अनवाणी वावरायचं, सणावाराला जमिनीवर पंगत बसवायची, लहान मुलांनी जमिनीवरच खेळायचं, ही सवय असलेल्या घराला फरशी गार लागणं जर्मन शेजाऱ्यांपेक्षा जास्त खुपतं. ते घरात सपाता घालतात. अत्यंत चांगल्या घरात गुळगुळीत टाइल लावून खाली पाइप टाकले, म्हणजे पाय गरम राहतील ही अपेक्षा फोल ठरते.

तरीही फरशीखालच्या पाइपांना मोडीत काढणं बरोबर नाही. त्यांचा खरा गुण पायांना कळत नाही, तो विजेच्या बिलात दिसतो. संपूर्ण जमीन हीच तापणारी पाटी असल्याने तिला फार गरम पाणी लागत नाही. साधारण बऱ्या नव्या घरात ३५ अंशांच्या आतबाहेरचं, आणि पासिव्हहाउसच्या दर्जाच्या घरात २५ अंशांचं पाणीही पुरतं. हीट पंपाला ही गोष्ट फार मानवते. बाहेरच्या थंड हवेतली किंवा जमिनीतली उष्णता उपसून आत आणताना जितकी चढण कमी, तितकी वीज कमी. पाण्याचं तापमान एक अंशाने खाली आलं की खर्च साधारण दोन ते अडीच टक्क्यांनी उतरतो, असा ढोबळ ठोकताळा आहे. ५५ अंशांचं पाणी आणि ३५ अंशांचं पाणी यांतल्या फरकात म्हणूनच मोठी रक्कम दडलेली असते. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने जुन्या घरांतल्या हीट पंपांची प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा हवेवर चालणाऱ्या पंपांनी एका युनिट विजेत सरासरी ३.१ युनिट उष्णता दिली, जमिनीतून उष्णता घेणाऱ्यांनी ४.१. ही जुनी घरं होती आणि त्यांतल्या पुष्कळ घरांत साधे रेडिएटर होते, हे लक्षात घेतलं तर नव्या घरात यापेक्षा चांगलं काम व्हायला हरकत नाही.

रेडिएटर म्हणजे जुनाट आणि फरशीखालची ऊब म्हणजे आधुनिक, ही समजूत इथेच डळमळते. युरोपात रेडिएटर नेहमी खिडकीखाली का दिसतो? एकेरी काचेच्या खिडकीची आतली बाजू, बाहेर उणे १० असताना, शून्याच्याही खाली जाते. काचेवरून थंड हवेचा लोंढा खाली घसरतो, आणि त्याला अडवायला खाली गरम लोखंड हवं असतं. तीन काचांच्या चांगल्या खिडकीची आतली बाजू त्याच रात्री १७ अंशांजवळ राहते. लोंढाच नाही म्हटल्यावर रेडिएटर खिडकीखाली ठेवण्याची सक्ती संपते. तो आतल्या भिंतीवर, दाराजवळ, कुठेही चालतो. पाइप आखूड होतात, खर्च घटतो.

जुन्या घराच्या बाबतीत तर ही गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. समजा, एका खोलीचा रेडिएटर ७० अंशांच्या पाण्यावर चालण्यासाठी बसवला होता. मग घरमालकाने भिंतींना इन्सुलेशन केलं, खिडक्या बदलल्या आणि उष्णतेची गरज निम्मी झाली. रेडिएटर तोच, पण आता त्याला सरासरी ४५ अंशांचं पाणी पुरतं. एखाददुसऱ्या खोलीत मोठा रेडिएटर लावला की आकडा आणखी खाली येतो. ब्रिटनमध्ये सरकारी पैशातून झालेल्या एका प्रात्यक्षिक प्रकल्पात ७४२ घरांना हीट पंप बसवले गेले. व्हिक्टोरियन रांगघरांपासून सदनिकांपर्यंत कोणताही घरप्रकार मुळातच अयोग्य ठरला नाही. इंग्लंडच्या बांधकाम नियमांनी २०२२ पासून नव्या पाणी-तापन यंत्रणा ५५ अंश किंवा त्याहून कमी तापमानावर चालतील अशाच आखण्याचा दंडक घातला आहे, आणि ही मर्यादा मोठ्या रेडिएटरांनीही सहज पाळता येते. चांगली जमीन उखडून, दारं कापून, उंबरे बदलून जुन्या घरात फरशीखाली पाइप घालणाऱ्यांनी आधी त्याच पैशात किती खिडक्या बदलतात याचा हिशेब करावा. बहुतेक वेळा खिडक्या जिंकतात.

पासिव्हहाउसच्या मूळ कल्पनेत मात्र ना पाइप होते ना रेडिएटर. १० वॅटचा आकडा कुठून आला, हे पाहिलं की ती कल्पना उलगडते. माणसांच्या श्वासासाठी घरात ताजी हवा यायलाच हवी, चौरस मीटरमागे तासाला साधारण एक घनमीटर. ही हवा ५० अंशांच्या वर तापवायची नाही, नाहीतर धूळ करपून वास येतो. एवढी हवा एवढ्याच तापमानाने आत सोडली, तर ती चौरस मीटरमागे १० वॅट आणते. ज्या घराला यापेक्षा जास्त लागत नाही, त्याला वेगळी तापनयंत्रणाच नको. स्वीडनमधल्या गोथेनबर्गजवळच्या लिंडोस इथे २००१ मध्ये वास्तुविशारद हान्स एक यांनी अशी २० रांगघरं उभी केली. तिथे ताज्या हवेच्या वाटेवर ९०० वॅटची विजेची कॉइल आहे, बस्स.

या रचनेतलं सौंदर्य निर्विवाद आहे, पण राहणाऱ्याला तिच्या मर्यादाही सांभाळाव्या लागतात. हवा सगळीकडे एकाच तापमानाने जाते. झोपण्याची खोली १७ अंशांवर आणि न्हाणीघर २४ अंशांवर हवं असेल, तर ते जमत नाही. रांगेच्या टोकाच्या घराला एक भिंत जास्त उघडी असते, त्यामुळे तिथे गरज वाढते. हिवाळ्यात दोन आठवडे घर बंद ठेवून परत आलं, तर ९०० वॅटवर ते पुन्हा तापायला बराच वेळ जातो. आणि ऊब वाढवण्यासाठी पंख्याचा वेग वाढवला की बाहेरची कोरडी हवा जास्त येते, घसा सुकतो. न्हाणीघरात टॉवेलचा छोटा रेडिएटर किंवा टाइलखाली विजेची चटई, आणि बाकी घराला हवा, अशी जोडणी केल्यावर हा पर्याय सुखाचा होतो.

नॉर्वेने तिसरीच वाट धरली. तिथे जलविद्युत मुबलक, म्हणून घरं पूर्वीपासून विजेच्या हीटरवर तापायची. मग भिंतीवर बसणारा हवेचा हीट पंप आला. आपल्याकडच्या स्प्लिट एसीचाच हा भाऊ, उलट्या दिशेने चालणारा, आणि आज तिथे तो घरोघरी दिसतो. फोडाफोड नाही, अर्ध्या तासात खोली उबदार, उन्हाळ्यात तोच गारवा देतो. पण त्याची ऊब बंद दाराआड पोचत नाही, पंख्याचा आवाज काहींना सोसत नाही. मोकळ्या आराखड्याच्या, चांगल्या बंदिस्त घरात ही अडचण बरीच कमी होते, कारण आतल्या भिंतींच्या दोन्ही बाजूंचं तापमान आपोआप सारखं होत जातं. खर्च आणि फायदा यांचा ताळा मांडला तर छोट्या, उत्तम घरासाठी हा पर्याय फार कमी लेखला जातो, असं स्पष्ट म्हणायला हवं.

थेट विजेवरच्या पर्यायांचं काय? इन्फ्रारेड पॅनेल असो की फरशीखालची विजेची चटई, एका युनिट विजेत एकच युनिट उष्णता मिळते. विक्रेते काहीही म्हणोत, यात जादू नाही. १२० चौरस मीटरच्या पासिव्हहाउसला वर्षाला १८०० युनिट लागतात. हीट पंपाने ते ६०० मध्ये भागतं. जर्मनीत युनिटमागे ३० ते ४० सेंट धरले, तर फरक वर्षाला साधारण ४०० युरोंचा. फरशीखालची पूर्ण यंत्रणा आणि हीट पंप बसवायला त्याच्या कितीतरी पट रक्कम लागते, म्हणून इतक्या उत्तम घरात चार पॅनेल लावणाऱ्याला अडाणी म्हणता येत नाही. पण चौरस मीटरमागे वर्षाला ५० युनिट लागणाऱ्या घरात हाच फरक हजार-दीड हजार युरोंवर जातो. छतावरच्या सौर पॅनेलांचा हवाला इथे कामाचा नाही. ऊब हवी असते डिसेंबर-जानेवारीत, आणि मध्य युरोपात ऊन तेव्हाच नसतं.

लाकडाच्या शेगडीचा मोह भावनिक आहे आणि तो समजण्यासारखाही आहे. फक्त बाजारातल्या साध्या शेगड्या पाच-सहा किलोवॅटच्या असतात, घराला हवा असतो एक. तासाभरात खिडक्या उघडाव्या लागतात. शिवाय हवाबंद घरात शेगडीला जळण्यासाठी बाहेरून स्वतंत्र हवा पुरवावी लागते, नाहीतर विषारी वायू आत येण्याचा खरा धोका आहे.

फरशीखालच्या उबेवर सगळ्यांत गंभीर आक्षेप घेतला जातो तो तिच्या संथपणाचा, आणि त्याचं उत्तर गुंतागुंतीचं आहे. पाइपांवर सहा-साडेसहा सेंटिमीटर सिमेंटचा थर असतो, म्हणजे चौरस मीटरमागे १३० किलो वजन. ते एक अंशाने तापवायला ३६ वॅट-तास लागतात. १० वॅटच्या दराने साडेतीन तास. सकाळी थर्मोस्टॅटने गरम पाणी सोडलं, दहा वाजता दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आलं, तर पाणी बंद झाल्यावरही फरशी दुपारपर्यंत उष्णता देत राहते. बंदिस्त घरात ही जास्तीची ऊब जायला जागा नसते आणि फेब्रुवारीत लोक बाह्या वर सारून बसतात.

पण हीच फरशी वेगळ्या तऱ्हेने वापरली तर उलट घडतं. पाणी सतत कोमटच ठेवायचं, फरशी २१ वर आणि खोली २० वर. ऊन आलं, खोली २१ वर गेली की दोघांतला फरक संपतो आणि उष्णता देणं आपसूक थांबतं. कुणाला बटण दाबावं लागत नाही. गळक्या घरात फरशी २९ वर असते, तिथे खोली एक अंशाने वाढली तरी उष्णता शंभरावरून अठ्ठ्याऐंशीवर येते, एवढंच. म्हणजे स्वतःला आवरण्याचा गुण फरशीला उत्तम घरातच येतो. त्यासाठी खोलीखोलीतल्या थर्मोस्टॅटशी चाळा करायचा नाही, सगळे मार्ग उघडे ठेवायचे, प्रत्येक पाइपातून जाणारं पाणी एकदा नीट तोलून घ्यायचं आणि बाहेरच्या हवामानानुसार पाण्याचं तापमान ठरू द्यायचं. दुर्दैवाने असं तोलून देण्याचं काम अर्धवट सोडून निघून जाणारे कंत्राटदार सगळीकडेच भेटतात, आणि मग दोष फरशीला लागतो.

खोल्यांच्या या सगळ्या चर्चेत न्हाणीघराचं पाणी मागे पडतं. चार माणसांनी रोज प्रत्येकी ४० लिटर पाणी ४० अंशांनी तापवून वापरलं, तर दिवसाला सुमारे साडेसात युनिट, वर्षाला २७०० युनिट. म्हणजे उत्तम घरात अंघोळीला खोल्यांपेक्षा जास्त ऊर्जा लागते. त्या पाण्याला ५० अंश किंवा वर जावंच लागतं, आणि तिथे फरशीच्या ३५ अंशांचा काहीही उपयोग नाही. म्हणून १० वॅटच्या घरात पैसा घालायचा तर गरम पाण्याच्या स्वतंत्र छोट्या हीट पंपात, टाकीच्या इन्सुलेशनमध्ये आणि आखूड पाइपांत आधी घालावा. २० ते ४० वॅट लागणाऱ्या, नियमांपुरत्या चांगल्या नव्या घरात मात्र फरशीखालचे पाइप आणि हीट पंप ही जोडी आजही पहिल्या क्रमांकाची आहे. तिथे फरशी बावीस ते चोवीस अंशांवर असते, पायांना गारठा लागत नाही आणि पाणीही कोमटच राहतं.

युरोपचे उन्हाळे तापू लागल्यापासून या तुलनेत आणखी एक रकाना आला आहे. फरशीतून थंड पाणीही फिरवता येतं. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळाच्या फरशीत हेच केलं आहे. हैदराबादला इन्फोसिसच्या एका इमारतीचा अर्धा भाग नेहमीच्या वातानुकूलनावर आणि दुसरा अर्धा स्लॅबमधल्या थंड पाण्यावर चालवून पाहिला, तेव्हा पाण्याच्या बाजूला सुमारे एक-तृतीयांश वीज कमी लागली. घरात मात्र फरशी १९-२० अंशांखाली नेता येत नाही. त्याआधीच पायांना ती बोचते, आणि हवेत दमटपणा असेल तर तिच्यावर दव धरतं. पाइप हवेतला ओलावा काढू शकत नाहीत, स्प्लिट एसी तो काढतो. कोरड्या मध्य युरोपात तीन-चार अंशांचा उतार मिळाला तरी लोक समाधानी असतात. दमट हवेच्या प्रदेशात घर बांधणाऱ्याला ओलावा काढणारं यंत्र वेगळं घ्यावंच लागतं, आणि ते घ्यायचंच असेल तर हिवाळ्याचे १२०० वॅटही त्याच यंत्राकडून घेता येतात.